नेटवर्क केबलमधून वीज : पोर्ट नाही, वॅट मोजा

दिवसभर व्यवस्थित चालणारा एक कॅमेरा रोज अंधार पडला की बंद व्हायचा. दोन-तीन मिनिटांनी परत सुरू व्हायचा, चित्र जेमतेम दिसायला लागलं की पुन्हा बंद. रात्रभर हेच. सकाळी उजाडलं की कॅमेरा ठणठणीत. मला बोलावलं तोपर्यंत तो कॅमेरा दोनदा बदलून झाला होता, दोन्ही टोकांचे कनेक्टर नव्याने क्रिंप झाले होते, म्हणजे तारांवर दाबून बसवले गेले होते, आणि आता सगळी केबल उपसून नवीन ओढायची असं ठरत होतं.

संध्याकाळी मी नेटवर्क स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबली ज्यात येऊन जोडल्या जातात त्या डब्याच्या, सेटिंगचं पान उघडून बसलो. आठ पोर्टचा स्विच, वीज पुरवण्याची त्याची एकूण क्षमता ६५ वॅट. पहिल्या पोर्टवर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं उपकरण, १३ वॅट. पुढच्या सहा पोर्टवर सहा कॅमेरे, प्रत्येकी ५ वॅट. एकूण ४३. अंधार व्हायला लागला तसे कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे एकेक करून लागले आणि प्रत्येक कॅमेरा ५ वरून साडेनऊ वॅटवर गेला. आकडा चढत गेला : ४७.५, ५२, ५६.५, ६१. पाचव्या कॅमेऱ्याचे दिवे लागले आणि त्याच क्षणी सातव्या पोर्टचा दिवा विझला. कॅमेरा निर्दोष होता, केबलही निर्दोष होती. स्विचकडची वीज संपली होती, आणि सगळ्यात शेवटच्या पोर्टवरचं उपकरण त्याने सोडून दिलं होतं. थोड्या वेळाने तो पुन्हा प्रयत्न करायचा. सुरू होताना कॅमेरा कमी वीज घेतो, म्हणून तो उठायचा. दिवे लावले की परत पडायचा.

नेटवर्क केबलमधून वीज देण्याच्या पद्धतीला सगळे पीओई म्हणतात, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. एकाच केबलमधून डेटाही जातो आणि वीजही. त्यामुळे छताखाली, खांबावर, जिन्यात वेगळा प्लग पॉइंट काढावा लागत नाही. जोडणी इतकी सोपी वाटते की नवीन माणूस पोर्ट मोजतो आणि कामाला लागतो. आठ उपकरणं, आठ पोर्ट, झालं. पण पोर्ट किती आहेत हा नेटवर्कचा हिशेब झाला. विजेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तो केबल ओढण्याआधीच मांडावा लागतो. हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे.

वीज सोडण्याआधी स्विच काय तपासतो

नवीन माणसाची पहिली भीती असते की पीओई पोर्टला चुकून लॅपटॉप लावला तर तो जळेल का. मानकाप्रमाणे बनवलेला स्विच असेल तर नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

केबल लागली की स्विच लगेच पूर्ण व्होल्टेज सोडत नाही. आधी २.७ ते १०.१ व्होल्टच्या मधलं अगदी हलकं व्होल्टेज देऊन पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टन्स आहे का ते बघतो. पीओई उपकरणात तो मुद्दाम ठेवलेला असतो, ती त्याची ओळख. लॅपटॉपमध्ये किंवा साध्या प्रिंटरमध्ये तो नसतो, मग त्या पोर्टवरून फक्त डेटा चालतो, वीज जात नाही. ओळख पटली की स्विच १५.५ ते २०.५ व्होल्ट देऊन उपकरण किती करंट ओढतं ते मोजतो. त्यावरून उपकरणाचा क्लास ठरतो, म्हणजे त्याला जास्तीत जास्त किती वीज लागेल याची जाहीर केलेली मर्यादा. हे सगळं झाल्यावरच पोर्टवर खरं व्होल्टेज येतं, ४४ ते ५७ व्होल्टच्या दरम्यान. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण सगळं साधारण एका सेकंदात उरकतं.

वीज सुरू झाल्यावरही स्विचचं लक्ष असतं. पीओईच्या जुन्या दोन मानकांत (ती पुढे येतात) उपकरणाने निदान १० मिलिअँपिअर करंट ओढत राहावं लागतं. तो ३०० ते ४०० मिलिसेकंद दिसला नाही की उपकरण काढलं असं समजून स्विच वीज तोडतो. म्हणून कॅमेरा काढून त्याच केबलला लॅपटॉप लावला तरी लॅपटॉपला धक्का पोहोचत नाही.

तीन मानकं, आणि स्विचवरचा आकडा

आयईईई या संस्थेची तीन मानकं लक्षात ठेवा. २००३ चं ८०२.३एएफ, ज्याला नुसतं पीओई म्हणतात : स्विच पोर्टवर १५.४ वॅट देतो, उपकरणाला १२.९५ वॅटची हमी. २००९ चं ८०२.३एटी, म्हणजे पीओई प्लस : स्विचकडून ३० वॅट, उपकरणाला २५.५. आणि २०१८ चं ८०२.३बीटी, ज्याने आणलेल्या दोन पातळ्यांना टाइप ३ आणि टाइप ४ म्हणतात : टाइप ३ मध्ये स्विचकडून ६० आणि उपकरणाला ५१ वॅट, टाइप ४ मध्ये ९० आणि ७१.३. पहिली दोन मानकं केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोन जोड्यांतून वीज नेतात, तिसरं चारही जोड्या वापरू शकतं.

नवं स्विच जुन्या उपकरणाला चालतं. एएफ कॅमेरा बीटी पोर्टला लावला तर तो त्याच्या गरजेपुरतीच वीज घेईल. ९० वॅटचा पोर्ट आहे म्हणून ९० वॅट त्याच्या अंगावर येत नाहीत. उलटं मात्र जमत नाही. पीओई प्लस मागणारा ॲक्सेस पॉइंट एएफ पोर्टला लावला तर तो एकतर सुरूच होणार नाही, किंवा सुरू होऊन स्वतःचा एखादा रेडिओ बंद ठेवेल आणि वेग कमी देईल. हे दुसरं जास्त त्रासदायक. दिवा हिरवा असतो, कुणालाच शंका येत नाही, आणि तक्रार येते ती वायफाय हळू चालतं अशी.

वाटेत जातात ते वॅट

१५.४ चे १२.९५ का होतात? हा आकडा पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः मांडून बघा, पुढचं सगळं सोपं होतं.

एएफ मानक लिहिताना जुनी कॅट ३ केबलही धरली होती (कॅट म्हणजे केबलचा दर्जा, आकडा मोठा तितका वरचा). १०० मीटर अंतरात जाऊन-येऊन २० ओहमपर्यंत रेझिस्टन्स असू शकतो असं त्यात गृहीत आहे, आणि करंटची मर्यादा ०.३५ अँपिअर. तारेत उष्णता होऊन जाणारी वीज म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. ०.३५ चा वर्ग ०.१२२५, त्याला २० ने गुणलं की २.४५ वॅट. १५.४ मधून २.४५ वजा करा : १२.९५. व्होल्टेजचंही तसंच. ०.३५ गुणिले २० म्हणजे ७ व्होल्ट तारेतच पडतात. स्विचने कमीत कमी ४४ व्होल्ट दिले तर उपकरणाच्या टोकाला ३७ उरतात, आणि मानकाप्रमाणे उपकरणाने ३७ व्होल्टवर चालायलाच हवं.

आता पीओई प्लस. इथे कॅट ५ किंवा त्याहून वरची केबल धरली आहे, रेझिस्टन्स १२.५ ओहम, करंट ०.६ अँपिअर. ०.६ चा वर्ग ०.३६, गुणिले १२.५, म्हणजे ४.५ वॅट. ३० वजा ४.५, उरले २५.५. आकडा चोख जुळतो.

या छोट्या गणितातून कामाच्या दोन गोष्टी हाती लागतात. एक, करंट दुप्पट झाला की वाया जाणारी वीज चौपट होते. म्हणून मोठ्या उपकरणांना केबलचा दर्जा जास्त जाचतो. दोन, हे आकडे सगळ्यात वाईट परिस्थितीचे आहेत. तुमची केबल २० मीटरची असेल आणि स्विच ५३-५४ व्होल्ट देत असेल, तर नुकसान नगण्य असतं. पण स्विचच्या बजेटमधून, म्हणजे त्याच्या एकूण वीज क्षमतेतून, नेहमी पोर्टवरचा आकडा वजा होतो, उपकरणावरचा नाही. हिशेब करताना तोच धरायचा.

पहिलं काम : यादी

कागद घ्या किंवा स्प्रेडशीट, पण लिहून काढा. प्रत्येक उपकरणासमोर चार गोष्टी : मानक कोणतं, जास्तीत जास्त वॅट किती, स्विचपासून केबलचं अंतर किती, आणि बंद पडलं तर किती अडचण.

वॅटचा आकडा खोक्यावरून घेऊ नका, उत्पादकाच्या माहितीपत्रकातून घ्या, आणि तिथेही 'जास्तीत जास्त' असा शब्द शोधा. सरासरी वापराचा आकडा इथे उपयोगाचा नाही. कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवे लागलेले असतानाचा, फिरत्या कॅमेऱ्यात मोटर चालू असतानाचा, थंड प्रदेशातल्या कॅमेऱ्यात आतला हीटर चालू असतानाचा आकडा हवा. ॲक्सेस पॉइंटला यूएसबी पोर्ट असेल तर त्यावर काही लावणार का तेही धरा. आयपी फोन सहसा हलके असतात, पण रंगीत पडदा आणि जोडीला बटणांचं वेगळं मोड्यूल असेल तर तेही हलके राहत नाहीत.

मानकाच्या रकान्यात 'पॅसिव्ह' असा शब्द दिसला तर तिथे थांबा. पॅसिव्ह पीओई म्हणजे कसलीही ओळख न विचारता तारेवर सतत सोडलेलं व्होल्टेज, बहुतेक वेळा २४ व्होल्ट. अशी उपकरणं मानकाच्या स्विचला लावली तर २५ किलोओहमची ओळख न मिळाल्याने ती सुरूच होत नाहीत. तेवढ्यावर भागतं. खरा धोका उलट बाजूने आहे. पॅसिव्ह इंजेक्टरची (इंजेक्टर म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारा छोटा डबा) केबल चुकून लॅपटॉपला किंवा साध्या स्विचला लागली तर तो पोर्ट कायमचा जाऊ शकतो. दिसायला दोन्ही इंजेक्टर सारखेच असतात, तोच काळा डबा, तीच दोन भोकं. म्हणून पॅसिव्ह इंजेक्टर वापरायचाच असेल तर त्यावर आणि त्याच्या केबलच्या दोन्ही टोकांवर ठळक लेबल लावा. मी तर लाल टेपच गुंडाळतो.

दुसरं काम : स्विचची निवड

स्विचच्या माहितीपत्रकात दोन वेगळे आकडे असतात. एक, प्रत्येक पोर्ट जास्तीत जास्त किती देऊ शकतो. दुसरा, सगळे पोर्ट मिळून एकूण किती, ज्याला पीओई बजेट म्हणतात. आठ पोर्टच्या पीओई प्लस स्विचचे प्रत्येकी ३० धरून २४० वॅट व्हायला हवेत असं वाटतं. प्रत्यक्षात बजेट ६० किंवा १२० वॅटही असू शकतं. यात फसवणूक नाही, कारण सगळे पोर्ट एकाच वेळी पूर्ण भरले जाणं विरळा. पण हा दुसरा आकडा न बघता स्विच घेतला तर सुरुवातीच्या त्या सातव्या पोर्टसारखं होतं.

यादीतल्या कमाल वॅटची बेरीज करा. ती बजेटच्या ८० टक्क्यांच्या आत राहील असा स्विच निवडा. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. पण सहा महिन्यांत कुणीतरी आणखी एक कॅमेरा लावणारच हे अनुभवाने कळतं. वरच्या उदाहरणात रात्रीची बेरीज ७० होत होती. म्हणजे निदान ८८ वॅटचं बजेट हवं होतं, आणि त्याच्या वरचा मिळणारा टप्पा घ्यायला हवा होता.

आता एक बारीक गोष्ट, जी माहितीपत्रकात सहज सापडत नाही. काही स्विच बजेटमधून प्रत्यक्ष वापर वजा करतात, काही क्लासप्रमाणे पूर्ण वाटा राखून ठेवतात. क्लास १ ला ४ वॅट, क्लास २ ला ७, क्लास ३ ला १५.४, क्लास ४ ला ३०. क्लास सांगितलाच नाही तर उपकरण क्लास ० मध्ये जातं आणि त्यालाही १५.४ राखले जातात. समजा तुमच्याकडे ४ वॅट खाणारे कॅमेरे आहेत, पण ते स्वतःला क्लास ३ म्हणवतात. ६५ वॅटच्या स्विचवर चार कॅमेरे चालतील, कारण चार वाटे म्हणजे ६१.६. पाचव्याला नकार मिळेल, जरी खरा वापर जेमतेम १६ वॅट असला तरी. 'एवढी वीज शिल्लक दिसतेय आणि पोर्ट डिनाइड का म्हणतोय?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. सेटिंगमध्ये पॉवर मॅनेजमेंटची पद्धत बदलता येत असेल तर प्रत्यक्ष वापराची निवडा. मात्र मग बेरजेची जबाबदारी तुमच्यावर येते, कारण स्विच दिवसा सगळ्यांना हो म्हणेल आणि रात्री कुणालातरी सोडेल.

दोन्ही बाजूंना एलएलडीपी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना स्वतःची माहिती सांगण्याची पद्धत, चालू असेल तर उपकरण स्विचला आपली गरज ०.१ वॅटच्या पायरीने सांगू शकतं. वाटा नेमका राखला जातो. ते चालू ठेवा.

एक-दोनच पीओई उपकरणं असतील तर स्विच बदलायची गरज नाही. मानकाचा इंजेक्टर पुरेसा आहे : एका भोकात साध्या स्विचची केबल, दुसऱ्यातून उपकरणाकडे जाणारी. उलट उपकरणाला पीओई कळतच नसेल तर त्याच्या टोकाला स्प्लिटर लावतात. तो केबलमधली वीज वेगळी काढून ५ किंवा १२ व्होल्टच्या पिनेवर देतो. स्प्लिटरचं व्होल्टेज लावण्याआधी दोनदा बघा, ५ च्या जागी १२ गेलं की उपकरण गेलंच. आणि दोन ठिकाणं ऑप्टिकल फायबरने जोडलेली असतील तर वीज त्यातून जात नाही, पलीकडच्या टोकाला वेगळा पीओई स्विच लागतोच.

तिसरं काम : केबल, आणि इथे घाई नको

मला सगळ्यात जास्त वेळ इथे घालवलेला आवडतो, कारण स्विच नंतर बदलता येतो, भिंतीतली केबल नाही.

केबल शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते, तिला सीसीए म्हणतात. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट असतो. डेटा तिच्यातून बऱ्यापैकी जातो, म्हणून टेस्टरवर आठही दिवे लागतात आणि माणूस निश्चिंत होतो. पण वर केलेलं गणित आठवा : रेझिस्टन्स दीडपट म्हणजे तारेतली उष्णताही दीडपट, आणि व्होल्टेजची घटही दीडपट. लांब पल्ल्यावर उपकरण भार वाढला की पडतं. शिवाय ॲल्युमिनियम वाकवताना लवकर तुटतं. इथरनेट केबलच्या मानकांत सीसीए बसत नाही, वेष्टनावर कॅट ६ छापलेलं असलं तरी.

ओळखायचं कसं? तारेचं टोक ब्लेडने हलकं खरवडा. आतपर्यंत तांबूस असेल तर तांबं. वरचा पापुद्रा जाऊन चंदेरी दिसायला लागलं तर सीसीए. खोकं हातात घेतल्यावरही कळतं, तेवढ्याच लांबीचं सीसीएचं खोकं लक्षात येण्याइतकं हलकं असतं. आणि तांबं आहे की नाही हे बघायला संपूर्ण खोकं ओढून होईपर्यंत थांबू नका, पहिल्या फुटातच बघा.

अंतराची मर्यादा १०० मीटर, त्यात ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या लहान पॅच केबल मिळून १० मीटर. काही स्विचवर २५० मीटरचं 'एक्स्टेंड' बटण असतं. ते दाबलं की वेग १० एमबीपीएसवर येतो, आणि विजेची घट मात्र २५० मीटरचीच राहते. एखाद्या हलक्या कॅमेऱ्यापुरतं ठीक. त्याऐवजी मधे पीओई एक्स्टेंडर लावता येतो, पण तोही स्वतः थोडी वीज खातो. यादीत त्याचे वॅट वेगळे लिहा.

केबलींचे गठ्ठे ही मोठ्या जागांची बाब. टाइप ४ मध्ये एका पूर्ण लांबीच्या केबलमध्ये १८.७ वॅटपर्यंत उष्णता होऊ शकते, ९० आणि ७१.३ मधला फरक तोच. अशा चाळीस-पन्नास केबली एकत्र आवळून बांधल्या तर मधल्या केबलींची उष्णता बाहेर पडत नाही. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे घट आणखी वाढते. मोठ्या वॅटची उपकरणं असतील तर गठ्ठे २४ किंवा त्याहून कमी केबलींचे करा, प्लास्टिकच्या पट्ट्या करकचून आवळू नका, आणि जाड तारेची केबल घ्या. फोन आणि लहान कॅमेऱ्यांसाठी याची फारशी चिंता नको.

कनेक्टरच्या बाबतीत एकच सांगतो. क्रिंपिंगमध्ये एक तार अर्धवट बसली तर डेटा कधीकधी चालून जातो, पण करंट उरलेल्या तारेवर एकवटतो. नुसतं दिवे लागणारं टेस्टर यातलं काही सांगत नाही.

उघड्यावरची जोडणी

पाऊस आणि आकाशातून पडणारी वीज दोन्हींचा विचार करा. इमारतीबाहेर जाणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना पीओई चालणारा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा डबा, हवा, आणि त्याची अर्थिंगची तार खरोखर अर्थिंगला जोडलेली हवी. नुसता लटकणारा प्रोटेक्टर काहीच करत नाही.

पाण्याबद्दल मात्र लोक गाफील राहतात. एका खांबावरचा कॅमेरा बंद पडला म्हणून जोड उघडला, तर आठपैकी चार पिना हिरव्या पडलेल्या आणि बाकीच्या चार जवळजवळ नव्यासारख्या. हिरव्या पिना नेमक्या वीज नेणाऱ्या जोड्यांच्या होत्या. कनेक्टरमध्ये ओल शिरली आणि सतत डीसी व्होल्टेज असेल तर धातू झपाट्याने खाल्ला जातो, निव्वळ डेटाच्या तारांपेक्षा कितीतरी लवकर. म्हणून कॅमेऱ्यासोबत येणारं ते रबरी टोपण फेकून देऊ नका. आणि डब्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत जाणार नाही.

चौथं काम : सुरू करणं आणि सेटिंग

सगळं एकदम लावू नका. एक उपकरण लावा, ते पूर्ण सुरू होऊ द्या, स्विचच्या पानावर वॅट बघा, लिहा, मग दुसरं. गडबड झाली तर कुठून झाली ते लगेच कळतं.

मग प्राधान्य ठरवा. बहुतेक मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला क्रिटिकल, हाय किंवा लो अशी पातळी देता येते. बजेट संपलं की लो पोर्ट आधी सुटतात. पातळी न ठरवता सोडली तर अनेक स्विच पोर्टच्या क्रमांकाने जातात : लहान क्रमांक राहतो, मोठा जातो. म्हणजे शेवटच्या पोर्टवर योगायोगाने मुख्य दरवाजाचा कॅमेरा लागला असेल तर पहिला तोच बंद होणार. यादीतला 'बंद पडलं तर किती अडचण' हा रकाना इथे कामाला येतो.

पोर्टवर वॅटची कमाल मर्यादाही घालता येते. बिघडलेलं उपकरण जास्त ओढायला लागलं तर तेवढा एकच पोर्ट बंद होतो, शेजाऱ्यांना त्रास होत नाही. मर्यादा उपकरणाच्या कमाल गरजेच्या थोडी वर ठेवा, काठोकाठ नको.

बंद-चालू करण्याचं वेळापत्रक फोन आणि ॲक्सेस पॉइंटसाठी वीज वाचवतं. कॅमेरे, दरवाजाची कुलुपं, धोक्याची सूचना देणारी यंत्रं यांच्यावर ते कधीही लावू नका. आणखी एक सोय असते : स्विच उपकरणाला पिंग करत, म्हणजे 'आहेस का' असा छोटा संदेश पाठवत, राहतो, उत्तर आलं नाही तर पोर्टची वीज तोडून परत देतो. उंचावरच्या कॅमेऱ्यासाठी ही फार उपयोगी, शिडी वाचते. मात्र उपकरणाला उठायला लागणारा वेळ नीट द्या. नाहीतर ते अर्धवट उठलेलं असतानाच स्विच पुन्हा वीज तोडेल, आणि फर्मवेअरचं, म्हणजे उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट चालू असेल तर उपकरण कायमचं बसेल. अपडेटच्या आधी ही सोय बंद करा.

मोठ्या वॅटचं उपकरण काढायचं असेल तर आधी सेटिंगमधून त्या पोर्टची वीज बंद करा, मग केबल ओढा. भार चालू असताना केबल काढली की पिनेवर बारीक ठिणगी पडते. एकदोनदा काही होत नाही, पण रोज असं केलं तर पिनेवरचा सोन्याचा मुलामा झिजतो आणि जोड कच्चा होतो.

हाताळायला पीओईची बाजू सुरक्षित आहे, तिचं व्होल्टेज ६० च्या आतच राहतं. स्विचला येणारी मुख्य वीज तशी नाही. ती जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि यूपीएस निवडताना पीओई बजेटच्या वर स्विचचा स्वतःचा खप आणि रूपांतरातलं नुकसान धरा. नुसत्या स्विचसाठी घेतलेला लहान यूपीएस सगळे कॅमेरे जोडल्यावर काही मिनिटांतच संपतो.

पाचवं काम : रात्री मोजा

दुपारी घेतलेलं मोजमाप अपुरं आहे. अंधार पडल्यावर, सगळे इन्फ्रारेड दिवे लागल्यावर, वायफायवर गर्दी असताना एकूण वॅट बघा. कमांडने चालणाऱ्या स्विचवर 'शो पॉवर इनलाइन' किंवा तशाच अर्थाची कमांड असते. पानावर चालणाऱ्यांत पीओई नावाचा वेगळा भाग असतो. दूरच्या टोकाला व्होल्टेज बघायला छोटा पीओई टेस्टर मिळतो, केबल आणि उपकरण यांच्या मधे लावायचा. स्विचकडे ५४ आणि टोकाला ५० असेल तर छान. सगळ्यात लांबच्या उपकरणाजवळ भार चालू असताना ४२-४३ दिसत असेल, तर केबल किंवा एखादा जोड वीज खातोय.

बिघाड शोधताना

उपकरण अजिबात सुरू होत नसेल तर आधी नक्की चालणारं दुसरं उपकरण त्याच पोर्टवर, लहान केबलने, स्विचच्या शेजारीच लावून बघा. तिथे चाललं तर पोर्ट बरा आहे. मग न चालणारं उपकरण त्याच लहान केबलवर आणा. तेही चाललं तर दोष मधल्या केबलमध्ये. नाही चाललं तर त्याचं मानक तपासा, बहुतेक पॅसिव्ह निघतं.

सुरू होऊन पडत असेल तर वेळ लिहा. ठरावीक वेळी पडत असेल, म्हणजे संध्याकाळी, थंडीत, गर्दीच्या वेळी, तर भार वाढल्यामुळे पडतंय. स्विचच्या नोंदींत ओव्हरलोड किंवा डिनाइड दिसलं तर बजेट किंवा पोर्टची मर्यादा. कधीही, कसंही पडत असेल आणि नोंदींत फक्त उपकरण निघाल्याची आणि लागल्याची ओळ असेल, तर कनेक्टर हलतोय. शॉर्ट असं दाखवत असेल तर आधी ओल शोधा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. कॅमेरा, केबल आणि पोर्ट तिन्ही एकदम बदलून दुरुस्त झालं तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

त्या सातव्या पोर्टच्या जागी आम्ही त्याच रात्री ॲक्सेस पॉइंट वेगळ्या इंजेक्टरवर नेला. स्विचवर फक्त सहा कॅमेरे राहिले, सगळे दिवे लागल्यावर ५७ वॅट, आणि एकही पडला नाही. पुढच्या आठवड्यात १२० वॅटचा स्विच बसवला आणि इंजेक्टर काढून टाकला. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला : पोर्ट क्रमांक, उपकरण, दिवसाचे वॅट, रात्रीचे वॅट, केबलची लांबी, प्राधान्य, आणि तळाला रात्रीची एकूण बेरीज पेन्सिलीने. नवीन काही लावायचं असेल तर आधी ती बेरीज खोडून नवी मांडायची, मगच केबल हातात घ्यायची असं तिथल्या माणसांशी ठरवलं आहे.